वेलांटीची गाडी

४ मार्च, रविवार

आज गाडी घेतली. गाडी म्हणजे चार चाकं, त्यांवर गंज आणि गंजावर मधूनमधून निळा रंग.

वेलांटी या महिनाअखेरीस अठराची होते, तिच्यासाठी. वेलांटी म्हणजे माझी लेक. तान्ही असताना पाय पोटाशी घेऊन अशी मुडपून झोपायची की छापखान्यात जन्मभर प्रूफं तपासणाऱ्या बापाला दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. ते तिची आई वापरते.

एका औषधवाल्याच्या आवारात दोन गाड्या विकायला होत्या. एक पांढरी, धडधाकट, दारं नीट लागणारी. दुसरी ही, झाडाखाली टायर बसलेल्या अवस्थेत, टपावर पाचोळा घेऊन. वेलांटीने निळीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाली, "बाबा, ही घेऊ."

"अगं, हिचं सगळंच करावं लागेल. महिने जातील."

"म्हणूनच तर. रविवारी रविवारी आपण दोघं करू."

व्यवहार पोरीला अजिबात कळत नाही. हे आईकडून नक्की आलेलं नाही, म्हणजे माझ्याकडूनच आलं असणार. पांढरी घेतली असती तर आठवड्यात रस्त्यावर आली असती. पण तिने हट्ट धरला आणि मलाही फार ताणता आलं नाही.

तिची आई आणि मी वेगळे राहतो, त्याला आता तीन वर्षं होतील. वेलांटी आईकडे असते. रविवार तेवढा माझ्या वाट्याला आला आहे.

घरमालकीणबाईंनी मागची शेड वापरायला दिली. अट एकच, त्यांच्या मांजरीला तिथून हुसकायचं नाही.

११ मार्च, रविवार

मागची सीट उचलली तर खाली उंदरांचं घर. वर्तमानपत्राचे कपटे करून मऊ बिछाना केलेला. सवयीने एक कपटा वाचला, तर 'परीस्थिती'. दुसरी वेलांटी! मी जीभ चावली, पण वेलांटीने पाहिलंच. म्हणाली, "उंदरांना कळतं बाबा. चुकलेलं तेवढं त्यांनी टाकून दिलंय."

खूप हसलो. मग मला उगाच जुनं आठवलं. लहानपणी तिला सायकलच्या दांडीवर बसवून बाजारात न्यायचो. दुकानाच्या पाटीवर चूक आधी दिसेल त्याने ओरडायचं, हा आमचा खेळ. दहा वर्षांची झाली तेव्हापासून तीच जिंकायला लागली. मी मुद्दाम हरतो असं तिला वाटायचं. मी खरंच हरत होतो. घरचा अभ्यास झाला की वही माझ्यापुढे धरून विचारायची, "छापू?" शेवटचं प्रूफ निर्दोष असलं की आम्ही कोपऱ्यात 'छापावे' लिहून सही करतो, ते तिने कधीतरी पाहिलं होतं. मी 'छापावे' म्हटलं की वही दप्तरात आणि पोरगी अंगणात.

पंधराव्या वर्षी एकदा हॉटेलात मी वेटरला कार्डावरच्या चुका दाखवत होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा, लोकांच्या चुका नको ना काढत जाऊ." तिची आईही हेच म्हणायची, जरा वेगळ्या शब्दांत: "तुला समोरचा माणूस दिसत नाही, त्याची चूक दिसते." तेव्हापासून मी तोंड आवरायला शिकतो आहे.

इंजिनाचं काम कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे दिलं. माणूस बोलघेवडा, हातात पाना कमी आणि मोबाइल जास्त. कधी येणार विचारलं की "उद्या साहेब, शंभर टक्के उद्या." वेलांटीने त्याचं नाव 'उद्यासाहेब' ठेवलं. त्याच्या पाटीवर 'गँरेज' लिहिलं आहे. मी काही बोललो नाही.

२५ मार्च, रविवार

वेलांटी आली नाही. परीक्षा आहे, बरोबरच आहे.

मी एकट्यानेच दारांचा गंज घासला. घासून झाल्यावर दोन्ही डबे उघडून बसलो, कारण सकाळी सवयीने दोघांचं भरलं होतं. मांजरीने थोडं खाल्लं.

१ एप्रिल, रविवार

गुरुवारी अठरा पूर्ण झाली. वाढदिवस आईकडे झाला, आज इथे. मी तिला किल्लीला लावायला शिशाचा एक जुना टाइप दिला. छापखान्यात आता कुणी शिशाचे खिळे जुळवत नाही; माळ्यावरच्या खोक्यातून शोधून काढला. अर्थातच वेलांटीचा, पहिली वेलांटी. तिने तो मुठीत धरून ठेवला आणि बराच वेळ काम एका हातानेच केलं.

दारांच्या खड्ड्यांत लांबी भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. घासता घासता म्हणाली, "बाबा, मला बाहेरगावच्या कॉलेजात प्रवेश मिळेल बहुतेक. गाडीने तीन तास."

"छान," मी म्हणालो.

"गाडी असली की येता-जाता येईल."

"अर्थात," मी म्हणालो आणि ज्या जागी घासून झालं होतं तिथेच पुन्हा घासत राहिलो. तिने सांगितलं तेव्हा कळलं.

२२ एप्रिल, रविवार

गाडी सुरू झाली! उद्यासाहेबांनी चक्क काल येऊन क्लच प्लेट बसवली, कार्बोरेटर साफ केला आणि पहिल्या फटक्याला इंजिन सुरू झालं. धूर इतका की घरमालकीणबाई घमेल्यात पाणी घेऊन धावत आल्या.

वेलांटीचा शिकाऊ परवाना आला आहे. उद्यासाहेबांनी मागच्या काचेला लावायला एक पट्टी भेट दिली, त्यांच्या मित्राने रंगवलेली. तीवर 'शीकाऊ' असं. मी आभाळाकडे बघत उभा राहिलो. तोंड उघडायचं नाही असं ठरवलंच होतं. तर वेलांटीच फिसकन हसली. "शीकाऊ! बाबा, हे बघून शी करतील लोक." मग तिने ब्लेडने ती दुसरी वेलांटी खरवडली आणि नखं रंगवायच्या ब्रशने पहिली काढली. इतकी डौलदार काढली की मूळचं अक्षर तिच्यापुढे गावंढळ दिसायला लागलं.

मग मागच्या मोकळ्या मैदानात नेलं. तरुणपणी मी छापखान्याची व्हॅन चालवायचो, तेवढी विद्या शिल्लक आहे. तिची गाडी दर वेळी आचका देऊन बंद पडायची.

"क्लच सोड. एकदम नाही गं, हळूहळू. सोड, सोड, सोडत राहा."

"सोडतेय ना!"

"पाय पूर्ण उचलेपर्यंत जीव त्याच्यातच ठेवायचा."

दुपारपर्यंत जमलं. मैदानाला गोल फेरी मारून आली आणि काचेतून हात बाहेर काढून ओरडली, "छापू?" मी म्हटलं, "अजून एक प्रूफ." खरं तर चांगलंच जमलं होतं.

१३ मे, रविवार

रंग होऊन आला. निळाच, पण जरा गडद. वेलांटी गाडीवरून हात फिरवत राहिली आणि मी वेलांटीकडे बघत राहिलो.

उद्यासाहेब म्हणाले, "साहेब, झाली गाडी. आजच ताईंना देऊन टाका."

मी म्हटलं, "हॉर्न घोगरा आहे. डाव्या काचेचा हात फिरवताना अडतो. तिसऱ्या गिअरला कसलासा आवाज येतो. एवढं झालं की उद्या-परवा..."

उद्यासाहेब माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, उद्या माझा शब्द आहे. तुम्ही कशाला घेता?"

सगळे हसले. पण तीन तासांच्या रस्त्यावर पोरगी एकटी जाणार. इथे हयगय करून चालणार नाही.

२० मे, रविवार

आवाज तिसऱ्या गिअरचा नाही, समोरच्या कप्प्यात राहिलेल्या बोल्टचा होता. मात्र त्या निमित्ताने डॅशबोर्ड उघडला तर आतल्या वायरी जुन्या दिसल्या. बदलून घ्याव्यात असं ठरवलं. वेलांटीने पाने हातात दिले, पण फार बोलली नाही. चहा झाल्यावर लवकर निघाली.

२९ मे, मंगळवार

वेलांटी परीक्षा पास! पक्का परवाना मिळाला. परीक्षेला ती हीच गाडी घेऊन गेली होती. वायरी बसवून मी सोमवारीच तात्पुरती दिली होती, परीक्षा झाली की संध्याकाळी परत आणायच्या बोलीवर. परीक्षकाने चढावर थांबवून पुन्हा चालू करायला लावली, मागे घ्यायला लावली. गाडीत त्याला कसलीही खोट सापडली नाही म्हणे. ही माणसं वरवर पाहतात.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन. "गाडी परत कशाला घेतलीस? झाली नाही का अजून?"

"जवळजवळ झाली."

"तेवीस जूनला जायचंय तिला. माझा भाऊ त्याची जुनी गाडी द्यायला तयार आहे, पण ती नको म्हणते. तिला निळीच हवी. सांग तिला काय ते एकदा."

"सांगतो," म्हणालो. काय सांगणार ते मात्र तिने विचारलं नाही.

३ जून, रविवार

आज भांडण झालं. काल मी कार्बोरेटर पुन्हा खोलला होता. चालू होताना इंजिन जरा कां कूं करतं असं मला वाटलं होतं. वेलांटी आली तेव्हा त्याचे सुटे भाग ताटात रॉकेलमध्ये पडलेले. ती दारातच थांबली.

"हे काय?"

"खात्री केलेली बरी."

"चालू गाडी होती, बाबा! मंगळवारी मी शहरभर फिरवली."

"शहरभर वेगळं आणि तीन तास वेगळं. मध्येच बंद पडली म्हणजे?"

"पडली तर पडली! मला धक्का मारायला माणसं मिळतील." मग एकदम तिचा आवाज खाली आला. "मी बसने जाईन. गाडी राहू दे तुझ्याकडेच. तपासत बस."

गेली. गेटची कडी लावायलाही थांबली नाही. तिच्या काळजीपोटी करतो आणि वर बोलणी मलाच. सोमवारी कामावर एका पुस्तकाचे चार फॉर्म तपासायचे आहेत, बरंच आहे.

१० जून, रविवार

ती आली नाही. परीक्षा नाही, काही नाही, नुसतीच आली नाही.

सकाळी शेडमध्ये गेलो. ताटातले भाग पुसून फडक्यावर ओळीने मांडले. काम काही सुचेना म्हणून गाडीत बसलो. चालवायच्या जागी नाही, शेजारी, शिकवताना बसायचो तिथे. हॉर्न वाजवून पाहिला. अजून घोगरा आहे. मांजर टपावरून उडी मारून पळाली. गाडीला नव्या रंगाचा वास आहे आणि तिच्या डोक्याच्या तेलाचाही थोडा. तिथे बसून राहिलो आणि मला रडू आलं.

मला एकटं वाटतं. तीन वर्षांत हे कुठे लिहिलं नव्हतं. वाक्य दोनदा वाचलं, त्यात काही दुरुस्त करण्यासारखं नाही.

दुपारी उद्यासाहेबांना फोन केला. म्हणाले, "उद्या येतो."

"आज या."

आवाजावरून काय समजले कोण जाणे, जेवणावरून उठून आले. भाग बघून म्हणाले, "साहेब, हा तर मीच साफ केला होता. याला काही झालंच नव्हतं. खोललात कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

मी पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी कार्बोरेटर बसवायला घेतला. मोबाइलसुद्धा बाजूला ठेवला. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. कां कूं वगैरे काही नाही. पूर्वीही नव्हतं बहुतेक.

ते गेल्यावर वेलांटीला एका शब्दाचा निरोप पाठवला. 'छापावे.'

अंधार पडेपर्यंत उत्तर नव्हतं. मग आलं, 'सही?'

मी सही पाठवली.

१७ जून, रविवार

वेलांटी आली. भांडणाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. गाडी धुतली, चाकांत हवा भरली. किल्लीला तो शिशाचा टाइप लावलेला होता. जुनी पट्टी काढायला घेतली तर अर्धी काचेलाच चिकटून फाटली. "मी दुसरं काहीतरी करीन," म्हणाली.

हॉर्न दुरुस्त करायचं मी नाव काढलं नाही. याला फार कष्ट पडले, इथे लिहून ठेवतो.

२३ जून, शनिवार

आज गेली.

सकाळी आईकडून सामान गाडीत भरून इकडे आली. डिकी बंद होत नव्हती, मी उशा काढून पुढे ठेवल्या. मग म्हणाली, "तू आत जा, डबा भरून ठेव. मला मागच्या काचेचं जरा काम आहे." डबा भरून आणला तेव्हा तिच्या बोटांना पांढरा रंग लागला होता. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी होती.

पेट्रोल भरायला मीही बरोबर गेलो. तेवढंच शेजारी बसणं. पंपावरून थेट मोठ्या रस्त्याला लागता आलं असतं, मी म्हटलंही, मी चालत जाईन. तर म्हणाली, "असं कसं? तुला सोडते आणि मग निघते."

गेटशी उतरलो. खिडकीत वाकून सांगायच्या सूचना पाठ केल्या होत्या, त्यातली एकही आठवली नाही. "नीट जा," एवढंच म्हणालो. तिने क्लच सोडला, अगदी हळू, काही आचका नाही. गाडी पुढे सरकली आणि मागची काच दिसली. काचेवर पांढऱ्या रंगात ठसठशीत अक्षरांत: 'शीकाऊ'.

दुसरी वेलांटी!

हात वर गेलाच होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, गाडी अजून कोपऱ्यावर होती. पण मनात म्हटलं, राहू दे. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा एकटी निघाली आहे आणि बाप तिला ऱ्हस्व-दीर्घ सांगायला थांबवतो आहे, हे दृश्य नको. घाईत झालं असणार. हात तसाच हलवून निरोप दिला. आमच्या धंद्यात चूक सोडणं म्हणजे पाप. आज मी डोळ्यांदेखत सोडली आणि मला बरंच वाटलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. पोचली. खोली लहान आहे, खिडकी मोठी आहे, गाडी रस्त्यात एकदाही कुरकुरली नाही.

मग म्हणाली, "मागची काच बघितलीस?"

"बघितली की."

"मग?"

"अक्षर सुरेख आलंय."

"बस्स?"

"बस्स. उत्तम आहे."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते मग."

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. दमली असेल, इतका वेळ गाडी चालवायची सवय नाही.

२४ जून, रविवार

शेड झाडली. जमिनीवर तेलाचा डाग राहिला आहे. मांजर त्याच्या कडेला बसते, मध्ये नाही.

२७ जून, बुधवार

छापखान्यात आज एका कारखान्याची जाहिरात तपासायला आली, 'शिकाऊ उमेदवार पाहिजेत'. काही चुकलं नव्हतं. तरी लाल पेन त्या शब्दावर थांबलं ते पुढे सरकेना.

वेलांटीला हा शब्द येतो. नुसता येत नाही, तिने स्वतः ब्लेडने खरवडून तो दुरुस्त केला होता, माझ्यासमोर, हसत हसत. सायकलच्या दांडीवर बसून मला हरवणारी मुलगी. आणि तिने मला घरात पाठवून, गाडी भिंतीला पाठ लावून, एवढ्या मोठ्या अक्षरांत ते लिहिलं. आणि मग फोनवर विचारलं, काच बघितलीस?

जाहिरात तशीच टाकून बाहेर आलो. यंत्रांचा खडखडाट चालला होता. एका कानात बोट घालून फोन लावला.

"वेलांटी, मागच्या काचेवर वेलांटी चुकली आहे. पहिली हवी."



"इतके दिवस लागले तुला?"

"दिसली होती गं. तू निघालीस तेव्हाच दिसली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तूच सांगितलं होतंस, लोकांच्या चुका काढू नकोस."

"बाबा," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला, "मी काय लोक आहे का?"

यंत्रं थांबली होती, तरी मी कानातलं बोट काढलं नाही. शेवटी म्हटलं, "इथे ये. मी दुरुस्त करून देतो."

"रविवारी येते." तिने नाक ओढलं. मग तिला हसू आलं. "पुढच्या वेळी अवघड चूक घालीन."

पांढरा रंग घरात असेल थोडा. ब्रश मात्र बारीक लागेल, घरी जाताना घेऊन जातो.